मॉरिस मायनरचा क्रँक पुलीचा नट: तीन आठवडे झाले, तसूभर हलत नाही

मायनरवाला_म्हापसा | शनिवार, रात्री ९.१५

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

आजोबांची मॉरिस मायनर १००० आहे, १९५९ ची, ९४८ सीसीची. पोर्तुगीज राजवटीत घेतलेली. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोवा डावीकडूनच चालत राहिला. त्यामुळे उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या इंग्रजी गाड्या इथे बिनतक्रार रुळल्या. आजोबा गेल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच. पंधरा पावसाळे खाल्ले तिने.

मे महिन्यात इंजिन उतरवलं. हेड निघालं, संप (तळाची तेलाची टाकी) निघाला, जाम झालेले पिस्टनसुद्धा रॉकेल आणि ऑईल मुरवून आठ दिवसांत सुटले. आता टायमिंग चेन बघायची तर पुढचं कव्हर काढायला हवं, कव्हर काढायचं तर क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली काढायला हवी, आणि पुली धरून बसलाय तो पुढचा मोठा नट. गाडी सुरू करायचं हँडल ज्यात अडकतं तोच.

आतापर्यंतचे पराक्रम: ३४ नंबरचा बारा कोनी सॉकेट (३३ चा बसेना), त्याला टॉमी (फिरवायचा दांडा), टॉमीवर पाच फुटी पाण्याचा पाईप. पाईपच्या टोकाला मी स्वतः लोंबकळलो. सॉकेट उभा चिरला, मी खाली, कोपर सोललं. डब्ल्यूडी-४० चे दोन डबे संपले. नटाचे कोपरे आता मऊ दिसायला लागलेत.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला आणून दाखवलं. तो म्हणाला, "ग्राइंडरने कापूया. क्रँकला थोडं लागलं तर लागलं." त्या "थोडं लागलं तर लागलं"ने दोन रात्री झोप नाही.

आटे उलटे आहेत का? गॅस लावू का? कुणी केलंय का हे काम?

---

सुसाट_सांगे | शनिवार, रात्री ९.३२

एकदम सोपं आहे भाऊ. सॉकेट बसव, टॉमीचं टोक चासीला टेकव, कॉईलची वायर काढ आणि स्टार्टर मार. इंजिन फिरतं, टॉमी अडकलेला, नट झक मारत सैल होतो. ॲम्बॅसॅडरवर केलंय मी.

---

काणकोणकर | शनिवार, रात्री ९.४१

इंजिन उतरवलंय असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. स्टार्टर काय खाटेवर ठेवून मारणार? आणि चासीसुद्धा पडवीतच राहिली असेल.

बाकी युक्ती खरी आहे, इंजिन गाडीत असताना चालते. पण टॉमी सटकला तर रेडिएटर तरी जातो नाहीतर नडगी.

---

पेडण्याचा_पाव्हणा | शनिवार, रात्री ९.५०

हुराक (काजूची पहिल्या धारेची दारू) ओता. दोन थेंब नटावर, उरलेला स्वतःवर. नट निघाला नाही तरी वाईट वाटत नाही.

---

काणकोणकर | शनिवार, रात्री ९.५२

ऑक्टोबरात हुराक कुठून आणणार? तो पण उन्हाळ्यातच.

---

बार्जफिटर | शनिवार, रात्री १०.२०

मायनरवाले, मी डिचोलीचा. खनिजाच्या बार्जेसवर तीस वर्षं फिटर होतो, आमोण्यापासून मुरगाव बंदरापर्यंत मांडवी-जुवारी पालथ्या घातल्या. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या तेव्हापासून घरी आहे, म्हणून शनिवारी रात्री तुमचा नट वाचतोय.

आटे सुलटे आहेत. पुढून बघून घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. उलट्या आट्यांची शंका मनातून काढून टाका, नाहीतर अर्धा जोर आवळण्यात घालवाल. (घातलाही असेल.)

आता मला सांगा. ३४ चा सॉकेट का लावलात? ही इंग्रजी गाडी आहे, तिथे सगळं इंचात. व्हर्निअर लावून मोजलंत का? क्रँक फिरू नये म्हणून काय अडकवलं होतं? नटाच्या मागे वॉशर आहे, तो कसा दिसतोय? आणि आजोबा हँडल मारून गाडी सुरू करायचे का?

फोटो टाका. अंधारातला नको, उद्या सकाळी उन्हात काढा.

---

मायनरवाला_म्हापसा | रविवार, सकाळी १०.०५

काका, नमस्कार. फोटो टाकलेत, तीन.

व्हर्निअर आज लावला. सपाट बाजू ते सपाट बाजू ३३.३ मिमी.

क्रँक अडवायला मित्राने फ्लायव्हीलच्या दात्यांत मोठा स्क्रू-ड्रायव्हर घालून धरला होता. वॉशर दिसत नाही, सगळा काळा थर आहे. आजोबा हँडलच मारायचे, रोज सकाळी. बॅटरीवर त्यांचा विश्वास नव्हता. आजी म्हणायची, घरात कोंबड्याची गरज नाही.

---

बार्जफिटर | रविवार, सकाळी १०.४०

मित्राला सांगा, दात्याचा तुकडा उडून डोळ्यात गेला नाही हे त्याचं नशीब.

३३.३ मिमी म्हणजे एक पूर्णांक पाच षोडशांश इंच. ३३ चा सॉकेट त्यावर चढत नाही, ३४ चा पाऊण मिलिमीटर सैल बसतो. तो बाजू धरत नाही, कोपरे धरतो. बारा कोनी म्हणजे अजूनच कमी धरतो. म्हणून कोपरे गेले. मेट्रिक पाना इंची नटावर लावून जेवढे नट गोल झालेत तेवढे गंजाने झाले नसतील. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना लावणारे लोक बघितलेत मी, आणि मग म्हणतात नट खराब.

आता तुमच्या पाईपचा हिशेब करू. हा नट बसवताना सुमारे ७० फूट-पौंड जोर द्यायचा असतो. तुमचं वजन ७० किलो धरलं तर १५४ पौंड, गुणिले पाच फूट, झाले ७७०. अकरा पट. एवढ्या जोराने सॉकेट फुटतो आणि नट हसतो, तर जोर कमी पडत नाहीये. दुसरंच काहीतरी आहे.

हँडलचं विचारलं ते यासाठी: हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवतात, नटही त्याच दिशेने आवळतो. तुमच्या आजोबांनी रोज सकाळी तो नट थोडा थोडा आवळत नेलाय.

तिसरा फोटो परत काढा. आधी रॉकेल आणि तारेच्या ब्रशने नटाच्या मुळाशी घासा, अगदी लोखंड दिसेपर्यंत. आमचे मेस्त कोकणीत म्हणायचे, "पयलीं पळय, मागीर मार." आधी बघ, मग मार.

---

रसायनबाई_फोंडा | रविवार, दुपारी १२.१०

उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते, गाड्यांतलं फारसं कळत नाही. पण गंजाविषयी थोडं बोलू शकते.

नट "चिकटतो" म्हणजे काय होतं? लोखंडाचा गंज झाला की त्याची जागा वाढते, मूळ धातूच्या किमान दुप्पट. आट्यांमधल्या फटीत ही वाढ बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून ती पाचरीसारखी दोन्ही बाजूंना रेटते. त्यात आपल्याकडचा पाऊस आणि समुद्रावरची खारी हवा. मिठातला क्लोराईड लोखंडावरचा संरक्षक थर टिकू देत नाही, त्यामुळे इथे गंज घाटमाथ्यापेक्षा भराभर चढतो.

तापवण्याचा फायदा किती ते आकड्यांत बघा. पोलाद एका अंशाला साधारण लाखात १.२ भाग प्रसरण पावतं. सोळा मिमी जाडीचा दांडा १५० अंशांनी तापवला तर व्यास वाढतो सुमारे ०.०३ मिमी. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. तेवढ्याने नट सैल होत नाही, पण गंज ठिसूळ असतो, लोखंडाबरोबर ताणला जात नाही, त्याला तडे जातात. त्या तड्यांतून तेल आत शिरतं. म्हणजे उपयोग तापवण्यापेक्षा तापवून थंड होऊ देण्याचा आहे.

एक कळकळीची सूचना. ब्रेक साफ करायचा स्प्रे मारून लगेच वेल्डिंग किंवा गॅस लावू नका. त्यातल्या काही स्प्रेंमध्ये क्लोरिनयुक्त द्रावक असतात आणि ते तापले की फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात तो विषारी वायू म्हणून वापरला होता. बंद पडवीत तर अजिबात नको.

---

सुसाट_सांगे | रविवार, दुपारी १२.३०

बाईंना +१. आमच्या वेळी रसायनशास्त्र असं शिकवलं असतं तर मी गॅरेजमध्ये नसतो.

---

पेडण्याचा_पाव्हणा | रविवार, दुपारी १२.४४

आता गंभीर सूचना. आजोबा म्हणायचे, काजूच्या टरफलांचं तेल लावलं की काहीही सुटतं. होडीच्या बुडाला लावतात ना, तेच.

---

रसायनबाई_फोंडा | रविवार, दुपारी १.०५

होडीला लावतात ते लाकूड टिकावं म्हणून. कारण ते तेल हवेत आणि उष्णतेत घट्ट होत जातं, त्याची रेणूंची साखळी बनते. ब्रेकच्या लायनिंगमध्येही त्यापासून बनवलेलं राळेसारखं द्रव्य आणि भुकटी घालतात. म्हणजे जे द्रव्य गाडी *थांबवायला* वापरतात ते तुम्ही नट *सोडवायला* वापरणार. वर तापवलंत तर नट कायमचा. शिवाय कातडी भाजते ती वेगळीच, काजूच्या भट्टीवरच्या बायकांचे हात बघा.

---

पेडण्याचा_पाव्हणा | रविवार, दुपारी १.०७

आजोबांच्या होडीला नट नव्हते हे आत्ता लक्षात आलं.

---

मायनरवाला_म्हापसा | रविवार, संध्याकाळी ६.२०

काका, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटतेय.

तासभर घासलं. काळा थर म्हणजे ग्रीस, धूळ आणि त्यावर कधीतरी मारलेला काळा रंग, सगळं मिळून डांबर. ते निघालं आणि खाली वॉशर दिसला. पत्र्याचा. आणि त्याची एक कड वर वळवून नटाच्या सपाट बाजूला चपखल टेकवलेली.

म्हणजे नटाला कुलूप लावलेलं होतं. तीन आठवडे मी कुलूप न काढता दार ढकलत होतो.

फोटो टाकलाय. हसा.

---

काणकोणकर | रविवार, संध्याकाळी ६.३५

हसत नाही. माझ्या हातून जीपच्या हबवर हेच झालंय. तो वॉशर मी पाईपने फाडला होता, आणि मग नट सुटला म्हणून पेढे वाटले होते.

---

बार्जफिटर | रविवार, रात्री ८.००

लाज कसली. अनुभवी माणसंसुद्धा ती कड रंगाखाली विसरतात.

पण एवढ्याने खुश होऊ नका. पत्र्याची कड एकटी ७७० ला दाद देणार नाही, कधीच वाकली असती. कड आहे, वर आजोबांचं हँडल आहे, वर पंधरा पावसाळे आहेत. तिन्ही एकत्र.

अजून एक. आपण नट म्हणतो, पण आहे तो बोल्ट. आटे क्रँकच्या नाकाच्या आत आहेत. म्हणून तुमचे डब्ल्यूडी-४० चे दोन डबे वॉशरवर सांडून जमिनीत गेले, आट्यांपर्यंत पोचलेच नाहीत. नट असता तर आटे बाहेर दिसले असते, तेल मुरलं असतं.

तर आता असं करा. छिन्नीने कड सपाट करा, बोथट छिन्नी घ्या, पुलीला ओरखडा नको. इंजिन उभं करा, पुलीचं तोंड आभाळाकडे. म्हणजे तेल खाली जाईल. डोक्याच्या मधल्या खळग्यात आणि वॉशरच्या कडेला तेल सोडा. नट सोडवायचं खास तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन अर्धं अर्धं, वापरण्याआधी हलवून. ॲसिटोन पेट घेतं, विडीवाल्याला लांब ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोन थेंब, चार दिवस. रोज पितळेच्या दांड्याने बोल्टच्या डोक्यावर हलक्या टकटक टकटक. घण नको. या इंजिनाला तीनच मेन बेअरिंग आहेत आणि मधल्यावर थ्रस्टचे (क्रँकचा पुढे-मागे रेटा पेलणारे) वॉशर आहेत, समोरून घण घातला तर सगळा मार त्यांच्यावर.

शुक्रवारी बाजार, त्या दिवशी म्हापशात गाडी लावायला जागा नसते. शनिवारी दुपारी येतो. माझ्याकडे बार्जवरचा ठोकायचा रिंग पाना आहे, एक पाच षोडशांशचा. पत्ता निरोपात पाठवा.

तोवर एक लाकडाचा ठोकळा करून ठेवा, माट्टीचा. फणसाचा नको, चिरडतो.

---

रसायनबाई_फोंडा | रविवार, रात्री ८.२५

माट्टी म्हणजे ऐन ना? आपल्या राज्याचा वृक्ष?

---

बार्जफिटर | रविवार, रात्री ८.३०

तोच. राज्यवृक्ष झाला म्हणून कापू नका, वखारीत तुकडा मिळतो.

---

पद्मिनी_पणजी | सोमवार, सकाळी ९.१५

धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझी प्रीमियर पद्मिनी आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे दोन नट स्टडसकट (हेडमध्ये बसवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टसकट) फिरतायत असं वाटतं. तिसऱ्याचा षटकोन उरलेलाच नाही, गोळी झालीय. इथेच विचारू की नवा धागा काढू?

---

काणकोणकर | सोमवार, सकाळी ९.४०

इथेच विचारा, सगळे जमलेतच.

पद्मिनीचं, म्हणजे मूळच्या फियाट ११०० चं हेड ॲल्युमिनियमचं आहे, स्टड पोलादाचा. तुमचा खेळ मायनरवाल्यांपेक्षा वेगळा आहे. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओले एकत्र राहिले की ॲल्युमिनियम कुजतं, पांढरी भुकटी दिसते ती तीच. नट स्टडसकट फिरत असेल तर ते शुभ समजा, स्टड सरळ बाहेर येईल, येऊ द्या. पण फिरता फिरता अडकला तर जबरदस्ती नको. मागे, पुढे, तेल, मागे, पुढे. ॲल्युमिनियमचे आटे एकदा आले बाहेर की हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवणं आलं.

गोळी झालेल्या नटावर वेळ घालवू नका. छिन्नीने किंवा नट फोडायच्या चिमट्याने एका बाजूने उभा फोडा. ग्राइंडर लावलात तर स्टडच्या आट्यांच्या एक मिमी आधी थांबा, उरलेलं छिन्नीने. नट चार रुपयांचा, स्टड वाचला पाहिजे.

आणि तुटलेला स्टड काढायचं ते ईझी आउट नावाचं प्रकरण एक्झॉस्टच्या स्टडला शिवू देऊ नका. ते आत मोडलं की ड्रिलपेक्षा कडक असतं, मग बसा. स्टड हेडलगत तुटलाच तर त्यावर मोठा नट ठेवून मधल्या भोकातून वेल्डिंग करायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड सैल होतो आणि वर धरायला नवा नट मिळतो, दोन्ही कामं एकदम.

---

रसायनबाई_फोंडा | सोमवार, दुपारी २.१०

यात एक भर. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून तिथे स्टड तापवण्यापेक्षा भोवतालचं हेड तापवलं तर भोक मोठं होतं आणि स्टड सैल पडतो. मायनरच्या बोल्टला तो लाभ नाही, दोन्ही पोलादच.

---

पद्मिनी_पणजी | सोमवार, दुपारी २.३०

देव बरें करूं. बातमी कळवतो.

---

मायनरवाला_म्हापसा | शनिवार, रात्री १०.५०

सुटला.

सविस्तर लिहितो, कारण फोटोत काहीच कळत नाही, फोटोत फक्त एक बोल्ट आहे.

काका साडेतीनला आले. स्कूटरच्या पुढ्यात गोणपाटात गुंडाळलेला पाना. असा पाना मी आधी पाहिला नव्हता. जाड, आखूड, एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला हातोडी मारायला ठोकळ्यासारखा चौकोन. लांबी फूटभरही नाही. मी म्हटलं, काका, पाच फुटांनी नाही झालं ते एका फुटाने होईल? ते म्हणाले, चहा ठेव.

चहा होईपर्यंत ते इंजिनाभोवती नुसते फिरले. मग बोल्टच्या सहाही बाजू कानसीने पुसल्यासारख्या केल्या, घासल्या नाहीत, फक्त वर आलेला चुरा काढला. पाना वर ठेवला तर चढेना. वरून लाकडाच्या हातोडीने चार ठोके दिले आणि तो ताणून बसला. ते म्हणाले, पाना नटावर सहज चढला तर तो सहज घसरणारही.

इंजिन उलटं करून पाटावर ठेवलं, संपची बाजू वर. माट्टीचा ठोकळा क्रँकच्या वजनाच्या पाळीत आणि ब्लॉकच्या भिंतीत अडकवला. इथे मी घोळ घातला. म्हटलं, इंजिन उलटं आहे म्हणजे दिशाही उलटी ना? काकांनी मला पुढे आणून उभं केलं. "घड्याळ भिंतीवर उलटं टांगलंस म्हणून काटे उलटे फिरतात का?" ठोकळा दुसऱ्या बाजूला घालावा लागला.

मग ब्लो-लॅम्प. बोल्टच्या डोक्यावर, मधोमध. काकांनी डोक्याचा एक कोपरा कानसीने चकचकीत करून ठेवला होता, रंग बघायला. आधी काही नाही, मग गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी. निळा दिसायला लागायच्या आत त्यांनी ज्योत काढली. निळा म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास, त्यापुढे नको, मागे क्रँक आहे. मग खिशातून देवापुढची अर्धी मेणबत्ती काढली आणि कडेला टेकवली. मेण पाण्यासारखं वितळलं आणि वॉशरखाली ओढलं गेलं. खरंच ओढलं गेलं, खाली सांडलं नाही. "आत गेलं," एवढंच म्हणाले.

पंधरा मिनिटं हात लावू दिला नाही. थंड होऊ दे म्हणाले.

नंतर पाना बसवला, मला हातोड्याचा आवाज ऐकायला सांगितलं. पहिले दोन ठोके *आवळायच्या* दिशेने, हलके. मला वाटलं चूक झाली. मग बाजू बदलली आणि अडीच किलोचा घण, पण लांबून नाही, फूटभरावरून, एका लयीत. ठण्. ठण्. ठण्. आठ की नऊ ठोके. आवाज तोच. मग एका ठोक्याला आवाज बदलला. ठण् ऐवजी ठप्. काकांनी घण खाली ठेवला, पाना हाताने धरला आणि फिरवला. कर्रर्र करत पाव फेरा आला.

मी ओरडलो. आई धावत आली, तिला वाटलं हात गेला.

त्यांनी लगेच पूर्ण काढू दिला नाही. पाव फेरा पुढे, पुन्हा थोडा मागे, तेल, पुन्हा पुढे. अर्धा तास गेला त्यात. बाहेर आला तेव्हा आटे काळे होते पण सगळे शाबूत. क्रँकच्या नाकातलेही शाबूत. पुली मग दोन टायर लिव्हरनी समोरासमोर उचलून दहा मिनिटांत आली.

---

सुसाट_सांगे | शनिवार, रात्री ११.०२

आधी आवळायच्या दिशेने का?

---

बार्जफिटर | रविवार, सकाळी ७.१५

गंज एका बाजूला रेलून बसलेला असतो. एकाच दिशेने ढकललं तर तो तसाच दाबला जातो. थोडा उलटा हलवला की चुरा होतो. पाईपने जोर हळूहळू वाढतो आणि धातू नुसता पिळवटतो, घणाचा जोर एका क्षणात येतो. गंजाला पिळणं सोसतं, दचकणं सोसत नाही.

मायनरवाले, बसवताना नवा वॉशर घ्या, जुन्याची कड पुन्हा वाकवली तर तुटते. ७० फूट-पौंड, टॉर्क पान्याने. आट्यांना तेलाचा हात फिरवा, पण कॉपर ग्रीसचा लपेटा नको. वंगण जास्त झालं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. आणि टायमिंग कव्हरचं सील आता उघडं पडलंय तर बदलूनच टाका, परत हे सगळं करायची हौस नसेल तर.

गाडी सुरू झाली की बॅटरीवर करा. हँडल दाखवायला ठेवा.

---

पद्मिनी_पणजी | रविवार, सकाळी ९.३०

माझे दोन स्टडसकट आले, तिसरा नट फोडला, चौथ्याला हात लावला नव्हता तो हात न लावताच तुटलेला निघाला. एकूण समाधानी आहे.

---

मायनरवाला_म्हापसा | रविवार, सकाळी ९.५५

काका, वॉशर आणि सील इंग्लंडहून मागवतो, मायनरचे सुटे भाग तिथे अजून नवे मिळतात. बोल्ट जुनाच वापरतो, कोपरे कानसीने पुन्हा काढले. गाडी नरकासुराच्या आधी उभी करायची होती, ते काही होत नाही.

तुमचा पाना इथेच राहिला. गोणपाटासकट.

---

बार्जफिटर | रविवार, सकाळी १०.१०

राहिला नाही, ठेवलाय. फ्लायव्हीलचे बोल्ट अजून काढायचे आहेत ना? त्यांनाही कड वळवलेली पत्र्याची पट्टी असते. आधी बघा.

झालं की आणून द्या. शुक्रवार सोडून.